एका मिनिटात किती शब्द

चूक माझीच होती. भिंगरीच्या हातात मी भलताच कागद दिला.

त्या दिवशी माझ्या संशोधनातली चौदावी आणि शेवटची चाचणी होती. तिसरीचा वर्ग, मुलं अठ्ठावीस; मी सुरुवात केली तेव्हा हीच मुलं दुसरीत होती, आणि बाईही याच होत्या. दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी मी या वर्गात यायचे, मागच्या भिंतीपाशी एक बुटकं टेबल ओढून घ्यायचे आणि एकेका मुलाला बोलावून एक उतारा वाचायला द्यायचे. बाकीच्या मुलांना तेवढा वेळ त्यांच्या बाई मैदानावर नेत. मी उताऱ्याचं नाव मोठ्याने सांगायचं, घड्याळ सुरू करायचं आणि एका मिनिटात मुलाने किती शब्द बरोबर वाचले, ते माझ्याजवळच्या प्रतीवर खुणा करत मोजायचं. नियम एकच, पण कडक: उतारा मुलाने आधी पाहिलेला किंवा ऐकलेला नसावा. माझी आई म्हणायची, "लोकांच्या मुली शाळा शिकून मोठ्या होतात, आमची पुन्हा तिसरीत जाऊन बसली."

भिंगरी आली. आठ वर्षांची, एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही, म्हणून सगळा वर्ग तिला भिंगरी म्हणायचा. मी म्हटलं, "आजचा उतारा, हरवलेलं मांजर," आणि घड्याळाचा खटका दाबला. तिने कागद दोन्ही हातांत नीट धरला, मग एक हात सोडवून पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली. सकाळी उठून पाहिलं तर मांजर टोपलीत नव्हतं, ताईने पलंगाखाली वाकून पाहिलं, तिथे नुसता धुळीचा गोळा होता. छान वाचत होती. पूर्णविरामाला थांबत होती, प्रश्न आला की आवाज वर नेत होती, ओळ संपली की बोट खालच्या ओळीवर आणत होती. एक्काहत्तर शब्द, चुका दोन. मी खूश होऊन कागद परत घेतला आणि सवयीने त्यावर नजर टाकली.

कागदावर मांजर नव्हतंच. वर ठळक अक्षरांत होतं, 'परीक्षकासाठी सूचना'. त्याखाली, 'मुलाला घाई करू नये. मूल अडल्यास तीन सेकंद थांबावे.' या सूचना मी स्वतः लिहिल्या होत्या. तिला द्यायचा मांजराचा कागद माझ्या कोपराखाली होता, हललेलाही नव्हता.

मला आधी काही कळेचना. मी तो सूचनांचा कागद पुन्हा तिच्यापुढे सरकवला, 'घाई' या शब्दावर बोट ठेवलं आणि जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, "हा शब्द कोणता गं?"

तिने शब्दाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "मांजर," ती म्हणाली. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे, पण पुढच्याच क्षणी तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाली, "ताई, मला बाथरूमला जायचंय." आणि गेली.

ही भिंगरी म्हणजे कुणी साधीसुधी मुलगी नव्हती. माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाची ती राणी होती. पहिल्या महिन्यात तिने एका मिनिटात चार शब्द वाचले होते. दुसऱ्या महिन्यात चाळीस. मग पन्नास, अठ्ठावन्न, असं करत करत एक्काहत्तर. दोन परिसंवादांत मी तिचा आलेख पडद्यावर दाखवला होता आणि दोन्ही वेळा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. माझी पद्धत अशी की मुलाला धडा आधी बाईंनी चार-पाच वेळा ऐकवायचा, तो त्याच्या कानात मुरला की मग पुस्तक हातात द्यायचं. मी तिला 'आधी कान, मग डोळे' असं नाव दिलं होतं आणि त्या नावावर मी फार फिदा होते. प्रबंध तीन आठवड्यांत द्यायचा होता. शिष्यवृत्ती त्याच महिन्यात संपत होती.

आणि वर्गाच्या बाई म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण, रेडिओ.

पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. तिला रेडिओ म्हणायचे, कारण एकदा कानावर पडलेलं ती जसंच्या तसं ऐकवायची: बाईंचा राग, मुख्याध्यापकांचं भाषण, अख्खे धडेच्या धडे. मला ती पंतोजी म्हणायची, कारण मी तिला रोज संध्याकाळी शिकवायचे. म्हणजे मी धडा मोठ्याने वाचायचे आणि ती पायरीवर बसून ऐकायची. परीक्षेत मी माझा पेपर तिच्याकडे सरकवून लिहायचे. आमचं अक्षर इतकं सारखं होतं की मास्तर म्हणायचे, एकीला शाई दिली तर दोघींचं भागेल. ती पास व्हायची ती माझ्यामुळे, असं मला वाटायचं, आणि हे मी तेव्हा तिला पुष्कळदा ऐकवलंही असेल. कॉलेजनंतर आमचं बोलणं सुटलं. भांडण नव्हतं, नुसतं सुटलं. आठ वर्षांनी मी संशोधनासाठी शाळा शोधत हिंडत होते, तेव्हा एका वर्गाच्या दारात ती उभी. "ये पंतोजी," म्हणाली, जणू मी काल घरी गेले होते. त्या चौदा महिन्यांत चाचण्यांइतक्याच मला तिच्याबरोबरच्या मधल्या सुट्ट्या हव्याशा वाटायला लागल्या होत्या. संशोधन करणाऱ्या माणसाला मित्र कमी आणि संदर्भ जास्त असतात.

तर भिंगरी बाथरूमला गेली आणि मी नुसती बसून राहिले. मनाची समजूत घालत होते की एकाच मुलीला कुठूनतरी उतारा मिळाला असेल. मग उठले, वर्गातल्या गोष्टींच्या पुस्तकांच्या टोपलीत हात घातला आणि तळाशी पडलेलं एक पातळ पुस्तक काढलं, जे कुणी उघडल्यासारखं दिसत नव्हतं. मुलांना पुन्हा एकेक करून बोलावलं. सांगितलं, आज आणखी एक खेळ आहे. त्यातल्या पहिल्या पानावर घड्याळ लावलं.

अकरा मुलांनी बरं वाचलं. नऊ जणांनी अडखळत, शब्द तोडत, कसंबसं पान संपवलं. भिंगरीला धरून आठ जणांना वाचता आलं नाही. एक मुलगा पानाकडे बघून मला मांजराची गोष्ट सांगू लागला. दुसऱ्याने विचारलं, "ताई, ही आधी ऐकवली नाही का?" तो अगदी सहज विचारत होता, चोरी-लबाडीचा मागमूस नव्हता त्यात. भिंगरी त्या दिवशी पुन्हा माझ्या टेबलापाशी आलीच नाही.

शाळा सुटेपर्यंत मी थांबले. माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. कधी वाटे, रेडिओने माझा घात केला. कधी वाटे, नाही, बिचारीने माझ्यावरच्या मायेपोटी केलं असणार, माझे आकडे चांगले यावेत, माझं लवकर आटोपावं म्हणून. आणि खोटं कशाला बोलू, या दुसऱ्या विचाराने रागातसुद्धा मला थोडं बरं वाटत होतं.

मुलं गेली. ती फळा पुसत होती. मी सरळ विचारलं, "तू मुलांना माझे उतारे आधी वाचून दाखवतेस?"

"हो," ती म्हणाली. फळा पुसायची थांबलीही नाही.

ती नाकबूल करेल, आणि मग मी पुरावे काढेन, अशी सगळी तयारी करून मी आले होते. ती तयारी हातातच राहिली. मी म्हटलं, उताऱ्यांची पाकिटं तर चिकटवून वर्गातल्या कपाटात ठेवलेली होती. ती म्हणाली, चिकटवलेली पाकिटं चहाच्या किटलीच्या वाफेवर उघडतात आणि परत चिकटतात, शिक्षकांच्या खोलीत किटली आहे. कपाटाची किल्ली मीच तिच्याकडे ठेवली होती, कारण दर महिन्याला गठ्ठा वाहून न्यायचा मला कंटाळा. कधीपासून, असं विचारलं तर म्हणाली, दुसऱ्या महिन्यापासून. बुधवारी दोनदा आणि गुरुवारी सकाळी एकदा. मुलांना ती सांगायची, ही ताईची गोष्ट आहे, ताई आली की तिला वाचून दाखवायची. माझ्या पद्धतीत धडा आधी ऐकवायचाच असतो. मुलांना यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं.

माझा आवाज चढला. मी म्हटलं, माझी चार वर्षं पाण्यात गेली, तुला कळतंय का. मग तोच आवाज मध्येच फाटला आणि मी म्हणाले, "माझ्यासाठी केलंस ना हे? असली मदत नको होती गं मला."

तिने डस्टर खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं. तिला खरंच कळलं नव्हतं मी काय म्हणतेय ते.

"तुझ्यासाठी?" ती म्हणाली. "तुझ्यासाठी कशाला करेन?"

मग तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे माझा तक्ता होता. मुलांना चेव यावा म्हणून पहिल्या चाचणीनंतर मी तो लावला होता: प्रत्येकाच्या नावापुढे रंगीत पट्टी, पन्नासच्या वर हिरवी, वीसच्या वर पिवळी, त्याखाली लाल. पहिल्या महिन्यात लाल पट्ट्या आठ-दहा होत्या, पण सगळ्यांत खालची सगळ्यांत लहान होती, बोटाच्या पेराएवढी. भिंगरीची.

"दुसऱ्या दिवशी पोरं तिला 'चार शब्द' म्हणायला लागली," रेडिओ म्हणाली. "आठ दिवस ती शाळेत आली नाही. तू काय लिहिलंस तुझ्या कागदावर?"

पुढच्या वेळी हजेरीपट बघून मी लिहिलं होतं, 'अनुपस्थित, आजारी'.

"मी घरी गेले तिच्या. पलंगाखाली शिरून बसली होती. आई म्हणाली, पोट दुखतंय. काय दुखतंय ते मला दिसत होतं. तुला मी म्हटलं होतं, तो तक्ता काढ. तू म्हणालीस, संशोधनात असं मध्येच काही बदलता येत नाही."

मी तसं म्हणाले होते. अगदी याच शब्दांत.

एकट्या भिंगरीला उतारा ऐकवला असता तर बाकीच्यांना कळलं असतं, म्हणून तिने सगळ्यांनाच ऐकवला. भिंगरी परत आली. पट्टी पिवळी झाली, मग हिरवी. मी ओरडले, "पण तिला वाचता येत नाही!" रेडिओ शांतपणे म्हणाली, मला माहीत आहे, पहिल्या दिवसापासून. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास तिला घेऊन बसते. तेही मी पाहिलं होतं. दोघी मापाची टेप घेऊन एकमेकींचे हात-पाय मोजत असायच्या. मला वाटायचं, खेळतात किंवा गणवेश शिवायचा असेल.

"छत्तीस शब्द येतात तिला आता," ती म्हणाली. "खरे. सावकाश, पण खरे."

मी पिशवी उचलली आणि निघाले. रस्त्यात दोनदा चुकीच्या बाजूला वळले. ज्या रस्त्याने चौदा महिने ये-जा केली, त्यावर मला माझं वळण सापडेना.

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक सरांकडे गेले. सर निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, बोलायला मऊ. त्यांच्या खोलीत खुर्चीपेक्षा कागद जास्त, बसायचं तर आधी कुणाचातरी प्रबंध मांडीवर घ्यावा लागतो. मी सगळं सांगितलं, एकही गोष्ट लपवली नाही. रेडिओबद्दल बोलताना मात्र मी तिला 'वर्गशिक्षिका' म्हणत होते, मैत्रीण नव्हे.

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. म्हणाले, दोन रस्ते आहेत. एक, पुन्हा नवा वर्ग घ्यायचा, दीड वर्ष, आणि शिष्यवृत्ती नाही. मी विचारलं, आणि दुसरा? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. आकडे आहेत, तक्ते आहेत, परीक्षक काही तिसरीच्या वर्गात जाऊन बसणार नाहीत. तुम्ही दोघी सोडून कुणाला माहीत आहे?

मी मांडीवरचा प्रबंध उचलून टेबलावर ठेवला. तेव्हा सर अगदी हळू म्हणाले, "माझ्याही प्रबंधात एक शाळा आहे. तिच्याबद्दल मी तीस वर्षांत कुणाशी बोललो नाही. आज तुझ्याशी बोलतोय." मग फाईल उघडली आणि म्हणाले, सोमवारपर्यंत कळव, नाही कळवलंस तर मी सही करून ठेवतो.

या माणसाच्या पुस्तकावर मी शिकले होते. त्यातली वाक्यं मी पेन्सिलने अधोरेखित केली होती. जिन्यावरून उतरताना मी कठडा धरून उतरले, म्हातारी उतरते तशी.

पण धक्क्याचं एक बरं असतं, दोन-तीन ओळीने बसले की माणूस बधिर होतं आणि बधिर माणसाला सोयीचं तेच शहाणपणाचं वाटतं. शनिवारी मी संदर्भसूची दुरुस्त करत बसले. स्वतःला सांगत होते की पद्धत चांगलीच आहे, अकरा मुलं वाचतात ना, पुढे कुणीतरी नीट तपासेल. आणि भिंगरी शिकतेच आहे. माझ्या खरं-खोटं करण्याने तिचे छत्तीसाचे सदतीस थोडेच होणार होते. रविवारी दुपारपर्यंत मन पक्कं झालं. एकच काम उरलं होतं. रेडिओचं तोंड बंद आहे ना, याची खात्री करणं.

ती घरी एकटीच होती, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मटार सोलत होती. मला पाहून तिने अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला. शाळेत असताना कुठलंही काम ती असंच अर्धं माझ्याकडे सरकवायची. मी बसून सोलायला लागले. मग म्हटलं की मी प्रबंध आहे तसाच देणार आहे, सरांची हरकत नाही. आणि ते उताऱ्यांचं तिने कुणाकडे बोलू नये, मुख्याध्यापकांकडे नको, घरात नको, कधीच नको.

"नाही बोलणार," ती लगेच म्हणाली. "मला सवय आहे."

"कसली सवय?"

तिने एक शेंग उघडली, दाणे भांड्यात पाडले. "वाचता येत नाही हे लपवायची."

मला वाटलं ती मुलांबद्दल बोलतेय. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "मुलांबद्दल नाही. माझ्याबद्दल. आठवीपर्यंत मला वाचता येत नव्हतं."

मी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हटलं, काहीतरीच काय, तू वर्गात धडे वाचायचीस, बाई उठवायच्या तेव्हा खडाखडा वाचायचीस. ती म्हणाली, आदल्या संध्याकाळी तू ऐकवलेले असायचे. पण पेपर, मी म्हटलं, पेपर लिहायचीस की. तुझं बघून काढायचे, ती म्हणाली, चित्र काढतात तसं, म्हणून तर अक्षर सारखं होतं. आणि हे सगळं ती मला अशा आवाजात सांगत होती की जणू जुनी भाजीची यादी वाचून दाखवतेय.

मग कसं शिकलीस, मी विचारलं. तिची आत्या शिवणकाम करायची. आठवीच्या सुट्टीत ती आत्याच्या दुकानात बसली. मापांच्या वहीत प्रत्येक पानावर तेच शब्द त्याच क्रमाने: उंची, छाती, कंबर, बाही. आत्या टेप लावायची, शब्द बोलायची आणि लिहायची. कुठल्या आकड्यापुढे कुठला शब्द असणार, हे रेडिओला आधीच ठाऊक असायचं, म्हणून अक्षरं पळून जायची नाहीत. बाहीतला 'ब' आणि कंबरेतला 'ब' एकच आहे, हे ज्या दिवशी दिसलं, त्या दिवशी ती दुकानात बसून रडली, असं म्हणाली. भिंगरीला ती तसंच शिकवत होती.

मी वाचन कसं येतं यावर चार वर्षं संशोधन करत होते. दोनशे पाच संदर्भ होते माझ्या सूचीत. आणि वाचता न येणारं एक माणूस माझ्या खांद्याला खांदा लावून आठ वर्षं बसलं होतं, त्याच्यापुढे मी रोज पुस्तक धरत होते, आणि मला कळलं नव्हतं. मग दुसरं एक भेटलं, त्याला मी पडद्यावर दाखवून टाळ्या घेतल्या. मला इतकी लाज वाटली की ती रागासारखीच बाहेर पडली.

"मला का नाही सांगितलंस?" मी जवळजवळ ओरडलेच. "मी तुझी मैत्रीण होते. मला एकदा सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

ती माझ्याकडे बघत नव्हती, भांड्यातले दाणे बोटाने सारखे करत होती.

"सातवीत. सहलीला निघालो होतो. बसमध्ये तू खिडकीशी होतीस, पावसाने काच धुरकट झालेली. तू म्हणालीस, ती पाटी वाच गं, कुठलं गाव आलं. मी खूप दिवस ठरवत होते, म्हटलं आज सांगूनच टाकू. म्हटलं, मला वाचता येत नाही. तू म्हणालीस, 'मलाही येत नाही,' आणि हसत सुटलीस. पुढच्या बाकावरच्या दोघींनाही सांगितलंस, रेडिओ म्हणते तिला वाचता येत नाही. सगळ्या हसल्या. मग मीही हसले."

ती बस मला आठवते. खिडकी आठवते, ती वरून गळत होती. कुणाला ओकारी झाली होती तेही आठवतं, डब्यात काय होतं तेही. रेडिओचं ते वाक्य मात्र मी खूप शोधलं, तिथे बसल्या बसल्या, डोळे मिटून. नाही सापडलं. ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, किती हसले, काहीच नाही.

"रागावू नकोस," रेडिओ म्हणाली. "तुझी चूक नव्हती. लहान होतो आपण."

ती माझी समजूत घालत होती. मला तिच्यासमोर बसवेना आणि उठवेना. मी पिशवीतून फोन काढला आणि सरांचा नंबर लावला. तिला कळलं. तिने हातानेच नको, नको अशी खूण केली, तोंडाने म्हणाली, "अगं, चार वर्षं..." मी पाठ फिरवली नाही, तिच्याकडे बघतच बसले.

"हं, बोल," सर म्हणाले. "ठरलं का?"

"सर, सही करू नका," मी म्हणाले. "माझ्या वर्गातल्या आठ मुलांना वाचता येत नाही. मी चौदा महिने त्यांच्या शेजारी बसले आणि मला ते कळलं नाही. मला तेच लिहायचंय."

पलीकडे सरांनी फोन ठेवला. इकडे रेडिओने मटारांचं भांडं बाजूला सरकवलं आणि पदराला हात पुसत विचारलं, "उद्या भिंगरीला घेऊन बसते तेव्हा येशील?"

मी हो म्हटलं. ती म्हणाली, घड्याळ आणू नकोस.